माझा अनुभव: एथिक्स कमिटी आणि चार पानांचं संमतीपत्र

"मॅडम, हे 'सहभाग पूर्णतः ऐच्छिक स्वरूपाचा राहील' म्हणजे नक्की काय हो?"

एथिक्स कमिटीपुढं, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीपुढं, मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या संमतीपत्रातल्या ओळीवर पहिला प्रश्न हा आला. एलईडी, सर्किट, अल्गोरिदम या सगळ्याची तयारी करून गेले होते, याची नव्हती. विचारणारे काका डॉक्टर नव्हते, पोस्टातून निवृत्त झालेले होते. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा समितीत 7 ते 15 सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा लागतो, आणि डॉक्टरांच्या जोडीला एक कायद्याचा जाणकार आणि एक सर्वसामान्य माणूसही लागतो. तो सर्वसामान्य माणूस नावापुरता असेल, असं मला वाटलं होतं. पुढच्या सात महिन्यांत माझं काम सगळ्यात जास्त बदललं ते या काकांच्या प्रश्नांनी.

मी सोलापूर जिल्ह्यात इंजिनिअरिंगला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएचडी करते. विषय असा की बोटाला चिमटा लावायचा आणि सुई न टोचता हिमोग्लोबिनचा अंदाज घ्यायचा. कोविडमध्ये घरोघरी पोचलेल्या ऑक्सिमीटरमध्ये साधारण 660 नॅनोमीटरचा लाल आणि 940 चा इन्फ्रारेड असे दोन प्रकाश असतात. मी त्यात आणखी दोन तरंगलांबी घेतल्या. टेबलावर चिमटा छान चालत होता. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया ॲनिमिक, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असलेल्या, निघाल्या होत्या. ज्यांच्यासाठी हे करायचं त्यांच्याच बोटावर तपासलं नाही तर त्या टेबलावरच्या आकड्यांना काय अर्थ? म्हणून चिमट्याचा आकडा लॅबमधल्या रक्ततपासणीशी ताडून बघायला शेजारच्या ज्युनिअर कॉलेजमधल्या अकरावीच्या मुली घ्यायच्या ठरवल्या. आमच्याकडं एथिक्स कमिटी नाही. त्यामुळं मेडिकल कॉलेजमधल्या एका प्राध्यापकांना सहमार्गदर्शक होण्याची विनंती केली आणि त्यांच्या समितीकडं अर्ज टाकला.

अर्ज परत आला.

आक्षेप बरेच होते, कागदपत्रांचे दोन दिवसांत मिटले. एकानं मात्र माझी झोप उडवली. "एखाद्या मुलीचं हिमोग्लोबिन 8 निघालं तर तुम्ही काय करणार?" माझ्या प्रस्तावात यावर एक ओळही नव्हती. आकडा तक्त्यात भरायचा, एवढंच मी धरलं होतं. 15 वर्षांवरच्या मुलीचं 12 च्या खाली म्हणजे ॲनिमिया, हे मी स्वतःच प्रस्तावनेत लिहिलं होतं, आणि तरी ती मुलगी पुढं कुठं जाईल हे मला सुचलं नव्हतं. याची मला आजही खंत वाटते. मग ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटले. प्रत्येक मुलीचा लॅबचा रिपोर्ट बंद पाकिटात पालकांना द्यायचा, 12 च्या खालच्यांना चिठ्ठी देऊन तिकडं पाठवायचं आणि उपचार तिथं सुरू करायचे, असं लेखी ठरलं. आणि माझ्या चिमट्याचा आकडा कुणालाच सांगायचा नाही, कारण तो अजून सिद्ध झालेला नाही.

दुसरं काम संमतीपत्राचं. मुली अठराच्या आतल्या, त्यामुळं पालकांची संमती आणि मुलीची स्वतःची लेखी मान्यता, दोन्ही हवं. मी इंग्रजी मसुदा घेऊन त्याचं शब्दाला शब्द मराठी केलं होतं. समितीच्या सदस्य सचिव मॅडमनी मला बसवून घेतलं आणि अमेरिकेतल्या टस्कीगीची हकिकत सांगितली. 1932 ते 1972, चाळीस वर्षं, सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना नुसतं बघत ठेवलं. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही दिलं नाही. आणि त्यांना सांगितलं काय, तर तुमचं 'रक्त खराब' आहे, त्यावर उपचार चाललेत. "शब्द अगदी साधा होता, पण त्याच्याआड सगळं लपवलं. तुमचा शब्द सोपाही हवा आणि खराही," मॅडम म्हणाल्या.

घरी येऊन चारही पानं बाजूला ठेवली आणि आमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या मावशींना तोंडी सांगत सांगत नवीन लिहायला घेतलं. 'शिरेतून 2 मिली रक्तनमुना' याचं झालं 'हाताच्या शिरेतून अर्ध्या चमच्याहून कमी रक्त'. आणि 'सहभाग ऐच्छिक' याचं झालं 'नको वाटलं तर नाही म्हणा. आधी हो म्हणून नंतरही नाही म्हणता येईल. मार्कांवर काही फरक पडणार नाही.' ही मार्कांची ओळ मावशींची. त्यांची मुलगी दहावीत आहे. "बाई, शाळेत सांगितलं की पोरींना नाही म्हणता येतं का?" असं त्यांनी विचारलं आणि मला तिसरा मुद्दा कळला. त्या कॉलेजच्या शिक्षकांना संमती घेण्याच्या कामापासून लांबच ठेवलं.

तिसऱ्या बैठकीत मंजुरी मिळाली. काकांनी संमतीपत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, कुठंही न अडखळता.

पालकसभेत एक वडील उठले, "पोरीचं रक्त नेणार कुठं, आणि उरलेलं काय करणार?" उत्तर कागदावर होतं, लॅब कुठली आणि नमुना कधी नष्ट करणार तेही. त्यांनी पोरीकडूनच ते वाचून घेतलं, मग सही केली. दोन आयांनी अंगठे उठवले, तेव्हा माझ्याशी संबंध नसलेला एक साक्षीदार शेजारी बसवला होता.

तपासणीच्या दिवशी कुणाच्या बोटावर मेंदी, कुणाच्या नखांना नेलपॉलिश. प्रकाशात गडबड नको म्हणून नेलपॉलिश पुसायला ॲसिटोन ठेवलं होतं. मेंदीवाल्यांची वेगळी नोंद केली.

आकडेमोडीत आणखी एक धडा मिळाला. चिमटा आणि लॅब यांचा सहसंबंध (दोन्ही आकडे बरोबरीनं वरखाली होतात का, याचं माप) भरभक्कम आला म्हणून मी खूश झाले होते. संख्याशास्त्राच्या सरांनी ब्लँड आणि आल्टमन यांचा 1986 चा 'लॅन्सेट'मधला लेख हातात ठेवला. यंत्र दर वेळी दीडनं जास्त दाखवत असलं तरी सहसंबंध उत्तमच येणार! दोन्ही आकड्यांतला फरक प्रत्येक मुलीमागं किती, ते बघायचं. बघितलं. कमी हिमोग्लोबिनच्या मुलींमध्येच माझा चिमटा जास्त चुकतो, म्हणजे जिथं त्याची गरज तिथंच. प्रबंधात तसंच लिहिलंय.

परवा प्री-सिनॉप्सिसला, म्हणजे प्रबंध देण्याआधीच्या सादरीकरणात, एका परीक्षकांनी विचारलं, मान्यतापत्रं आणि निरीक्षणं यांच्यात एकाचा फरक कसा? ती मुलगी रांगेत पुढं आली होती, सुई बघून थांबली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, त्या कागदात लिहिलंय ना, नंतर नाही म्हटलं तरी चालतं?" तिला चिक्की दिली आणि वर्गात पाठवलं. तिच्या क्रमांकाची ओळ मी रिकामी ठेवली आहे.