विमान सुटण्यापूर्वीचे खाणे

जळगावचा विमानतळ इतका आटोपशीर आहे की तिथे खाण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. तो उद्भवतो मुंबईला विमान बदलताना, जेव्हा हाताशी जेमतेम तास असतो आणि बर्गरच्या काउंटरपुढे रांग लागलेली असते. अशा वेळी ताज्या बनवून मिळणाऱ्या पदार्थाच्या वाटेला मी जात नाही, कारण देशांतर्गत विमानाचे गेट उड्डाणाच्या वीस-पंचवीस मिनिटे आधीच बंद होते. आधीच करून ठेवलेला बटाट्याचा बर्गर लगेच हातात पडतो खरा. मात्र त्याचा पाव कडेने वातड आणि आतली टिक्की पिठूळ असते, आणि ज्याची जीभ ठेच्यावर पोसली आहे त्याला सोबतच्या पुडीतले सॉस म्हणजे निव्वळ साखरपाणी वाटते. किमतीबद्दल तर बोलायलाच नको. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर सुरू झालेल्या उडान यात्री कॅफेत चहा १० आणि समोसा २० रुपयांना मिळू लागला, तो उपक्रम मला म्हणूनच मोलाचा वाटतो. आमच्या वहिनी मात्र अजूनही पिशवीत दशम्या आणि लसणाची कोरडी चटणी घालून देतात. तपासणीत या शिदोरीला कोणी अडवत नाही. चटणीचा वास शेजारच्या प्रवाशाला कितपत रुचतो, हा भाग निराळा.