बैसाखी म्हणजे नुसता भांगडा नव्हे

आज बैसाखी. बहुतेक शुभेच्छा पिकलेल्या गव्हापाशीच थांबतात, म्हणून थोडं पुढचं लिहिते. सुगीचा हा सण गुरू अमरदासांनी शिखांच्या मेळाव्याचा दिवस केला. १६९९ मध्ये याच दिवशी आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी खालसा, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांचा पंथ, स्थापला.

त्या दीक्षेचं अमृत आजही तसंच तयार होतं. लोखंडी बाट्यात (वाडग्यात) स्वच्छ पाणी, त्यात पताशे (बत्तासे). पंचप्यारे, म्हणजे दीक्षा देणारे पाच शीख, वीरासनात (एक गुडघा टेकून) बसून पाच बाण्या (प्रार्थना) म्हणतात आणि पाठ संपेपर्यंत दुधारी खंडा पाण्यात फिरत राहतो, मध्ये थांबवायचा नाही. मग पाच ओंजळी प्यायला, पाचदा डोळ्यांवर, पाचदा केसांवर शिंपण. उरलेलं सगळ्यांनी एकाच बाट्यातून प्यायचं. जातीला तिथे जागाच उरत नाही. १६९९ मध्ये पहिल्या पंचप्याऱ्यांना दीक्षा दिल्यावर गुरूंनी स्वतः त्या पाचांसमोर हात जोडून अमृत घेतलं, मला सगळ्यात मोठं तेच वाटतं. त्यांतले साहिबसिंग न्हावी समाजातले, आपल्या नांदेडला लागून असलेल्या बिदरचे.