मिल्टाउन मालबेचा जुलै आणि ब्रायन बोरूची मार्च

जुलै उजाडला की आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, क्लेअर परगण्यातलं मिल्टाउन मालबे हे लहानसं गाव वाद्यांच्या पेट्यांनी भरून जातं. विली क्लॅन्सी हा इथलाच इलन पाइप, म्हणजे कोपराने भाता दाबून वाजवायची आयरिश बॅगपाइप, वाजवणारा. 1973 च्या जानेवारीत तो गेला आणि त्याच उन्हाळ्यात त्याच्या नावाची संगीताची शाळा सुरू झाली. ती आजही दर जुलैत आठवडाभर भरते. तिला स्वतःची अशी एक इमारत नाही. गावात जिथे खोली मिळेल तिथे वर्ग. सकाळी दहा ते एक शिकवणी, मग व्याख्यानं आणि मैफली, आणि रात्री पबमध्ये खुर्च्या ओढून कोंडाळं करून वाजवणं. त्याला तिकडे सेशन म्हणतात.

त्या आठवड्यातलं सगळ्यात जास्त काय आठवत राहतं, तर एकच धून दहा तोंडांनी दहा तऱ्हांनी ऐकायला मिळते ते. ब्रायन बोरूची मार्च, म्हणजे पावलं टाकत चालण्याच्या लयीतली धून, घ्या. ब्रायन बोरू हा आयर्लंडचा राजा 23 एप्रिल 1014 रोजी डब्लिनजवळ क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेला. धून तेवढी जुनी असल्याचा काही पुरावा नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातली ‘ब्रायन बोरूची हार्प’ सुद्धा त्याच्यानंतर तीन-चारशे वर्षांनी घडवलेली आहे. नाव मोठं असलं की वस्तू आपोआप जुनी होते, हे सगळीकडे सारखंच.

धून सहा मात्रांची, तीन-तीनच्या दोन गटांत. आपला दादरा म्हणावा, पण यात खाली नाही. चौथ्या मात्रेवरही पाऊल जमिनीवर पडतं. पाश्चात्य स्वरांतला ए हा सा धरला तर स्वर काफीचे: गंधार आणि निषाद कोमल. पहिल्या भागात चाल सा वर उभी राहते, कोमल नी वर उतरते, पुन्हा सा वर येते. बहुतेक ठिकाणी चार भाग वाजवतात. प्रत्येक भाग आठ बारचा (बार म्हणजे सहा मात्रांचं एक आवर्तन) आणि दोनदा, म्हणजे एका फेरीत 64 बार. मिनिटाला नव्वद पावलं धरली तर फेरीला साधारण दीड मिनिट लागतं.

टिन व्हिसलच्या, म्हणजे सहा भोकांच्या पत्र्याच्या छोट्या बासरीच्या, वर्गात शिकवण्याची रीत ठरलेली. कागद बाहेर काढायचा नाही. शिक्षक दोन बार वाजवतो, वर्ग तेवढेच परत वाजवतो, मग पुढचे दोन, मग चार एकत्र. आठ बारमध्ये पहिल्या दोन बारांचा तुकडा बहुधा परत येतो, त्यामुळे खरं पाठ करायचं असतं ते थोडंच. डी व्हिसलवर ए म्हणजे वरची दोन भोकं बंद. अडतं ते सी नॅचरलवर, म्हणजे या धुनेच्या कोमल गंधारावर: पहिलं भोक उघडं, दुसरं-तिसरं बंद, बाकी उघडी. सगळीच बोटं उचलली तर तो शुद्ध होतो आणि चाल एकदम हसरी वाटू लागते. वर्गात पंधरा जणांपैकी दोघांनी तसं केलं तरी लगेच कानाला लागतं.

तऱ्हा बदलायची म्हणजे काय, हे मात्र ऐकूनच कळतं. सुरुवात लांब सुरापासून. तीन मात्रांचा ए असेल तिथे रोल घालायचा: ए, मग डाव्या तर्जनीची चटकन उचल, पुन्हा ए, मग अनामिकेची तिसऱ्या भोकावर टिचकी, पुन्हा ए. हे सगळं तीन मात्रांतच बसलं पाहिजे. नवशिक्या उचल आणि टिचकी दोन्ही घाईने सुरुवातीलाच उरकतो, आणि शेवटची मात्रा रिकामी पडते. रोल जमला की पुढच्या फेरीत तिथेच साधे तीन वेगळे सूर, त्याच्या पुढच्या फेरीत नुसता सरळ लांब सूर. सरळ सूर ही सुद्धा तऱ्हाच आहे, आणि अनेकदा सर्वांत उठून दिसते. हात लावायचा नाही तो दोन ठिकाणी: बारची पहिली मात्रा आणि भागाचा शेवट. तिथे सगळे एकत्र भेटतात म्हणूनच मधल्या जागेत पाच जण पाच तऱ्हांनी वाजवत असले तरी गोंधळ होत नाही.

हार्पवाल्यांचं निराळं. त्यांची मजा डाव्या हातात: पहिल्या फेरीत फक्त पहिल्या मात्रेवर ए-ई, चाल उतरली की जी-डी, दुसऱ्या फेरीत चौथ्या मात्रेवरही, तिसरीत तेच सूर सुटे सुटे. हार्प ई फ्लॅटमध्ये लावलेली असेल तर ई, ए, बी आणि एफ यांचे लीव्हर (तारेचा सूर अर्ध्या स्वराने चढवणाऱ्या कळा) वर करावे लागतात, आणि तेही प्रत्येक सप्तकात. खालच्या सप्तकातला एफचा लीव्हर विसरतो, आणि ते कळतं बरोबर चौथ्या भागात, सगळी खोली ऐकत असताना.

रात्रीच्या सेशनला सूर लावूनही उपयोग मर्यादित. खोली तापली की फ्लूट आणि व्हिसल चढतात, फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, तारा उतरतात. दर दोन-तीन धुनांनंतर एकमेकांकडे कान द्यावा लागतो. बाउरान, म्हणजे तो बकऱ्याच्या कातड्याचा ढोल, एकच असावा, आणि नवख्याने आधी विचारावं. दोन झाले की मार्च पळू लागते. मार्च पळाली की ती जिग, म्हणजे त्याच सहा मात्रांची जलद नाचाची धून, होते, रोलना जागा उरत नाही आणि सगळ्यांच्या तऱ्हा सपाट होऊन एकच चाल उरते. दुसऱ्याची एखादी जागा आवडली तर मध्येच नक्कल करत नाहीत. धून संपल्यावर “ती दुसऱ्या भागातली जागा परत दाखवता का?” असं विचारतात, आणि वाजवणारा बहुधा आनंदाने दोनदा सावकाश दाखवतो. फोनवर टिपून घ्यायचं तर आधी परवानगी.

तीन फेऱ्या झाल्या की जिगमध्ये शिरायचं असतं. जो धून काढतो तोच शेवटच्या दोन बारांत मान वर करतो, पुढच्या धुनेचं नाव किंवा नुसता सूर ओरडतो, आणि लय वाढते ती नव्या धुनेच्या पहिल्या मात्रेपासून, त्याआधी नाही. मार्चच्या शेवटच्या बारातच जो पळायला लागतो, त्याला फिडलवाला डोळ्यांनीच थांबवतो.