कुलूप शाबूत होतं

दिवाळीनंतरची गोष्ट. कापूस वेचायला घरचे सगळे वावरात. संध्याकाळी परतलो, तर मागच्या दाराचं कुलूप कोयंड्यासकट खाली पडलेलं. कुलपाला ओरखडाही नव्हता! साडेतीनशेचं कुलूप, पण कोयंडा अर्ध्या इंचाच्या दोन स्क्रूंवर. चोरानं ते पेचकसानं सरळ काढले. डब्यातले पैसे गेले, मायच्या पाटल्या गेल्या.

ठाण्यात आधी "अर्ज देऊन जा" म्हणाले. पोलीस पाटील सोबत होते, ते उठलेच नाहीत. तासाभरानं एफआयआर झाला. त्याची प्रत फिर्यादीला फुकट द्यावी लागते, हेही मला त्या दिवशीच कळलं.

ग्रामसभेत ग्रामसुरक्षा दलासाठी हात भराभर वर झाले. रोज रात्री बारा जणांची गस्त ठरली. पहिल्याच आठवड्यात चार उरले. मी चिडलो, पण चूक यादीचीच होती. त्या आठवड्यात शेतीपंपाची लाईन रात्रीची होती, माणसं हरभऱ्याच्या ओलिताला गेलेली. ते गस्तीला येणार कधी? मग पाळ्या लाईनच्या वेळेवर बसवल्या. ज्याला ओलीत नाही तो गावात फिरणार. ओलितवाला तसाही जागाच असतो. त्यानं धुऱ्यावरून रस्ता पाहायचा, अनोळखी गाडीचा उजेड दिसला की फोन करायचा. तेव्हापासून खाडे जवळपास थांबले.

एका रात्री मात्र घाम फुटला. पोट्ट्यांनी एका फिरत्या भांडेवाल्याला फाट्यावर अडवलं, एकानं काठीही उगारली. बिचाऱ्याची मोटारसायकल बंद पडली होती. पोलीस पाटलांनी सकाळी सगळ्यांना पारावर बसवलं. "राईनपाडा आठवते का बे? 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यात अफवेपायी पाच भिक्षेकरी मारले लोकायनं. तुमाले मारायले नाही, पाहायले ठेवलं हाय." तेव्हापासून हात लावायचा नाही, गाडीचा नंबर टिपायचा, 112 ला फोन करायचा. काठ्या कुत्र्यांपुरत्या.

पाटल्या अजून मिळाल्या नाहीत. माय विचारते, मी विषय बदलतो.

दाराचं काम मात्र मी दुसऱ्याच दिवशी केलं. फळीला आरपार भोकं पाडून कोयंड्याला लांब बोल्ट मारले, गोल डोक्याचे, नट आतून. बाहेरून पेचकस लागतच नाही. खर्च कुलपाच्या निम्माही नाही. शेजारच्या काकूंनी ते पाहिलं, मग त्यांच्या जावेनं. आठवडाभरात तालुक्याचा हार्डवेअरवाला विचारू लागला, "भाऊ, तुमच्या गावात सगळ्यायले बोल्टच काऊन पायजे?"