"आता मागून दाखव"

लॅप कोलीचं (दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनचं) डिसेक्शन सर पहिल्यांदाच पूर्ण माझ्या हातात देणार होते. आदल्या रात्री होस्टेलवर मी चॅटबॉटलाच परीक्षक केलं. पेशंटचं नाव, रिपोर्ट काही टाकायचं नाही ही सरांची सक्त ताकीद, म्हणून नुसते प्रश्नच.

त्याने चांगलं पिदडलं. फक्त कॅलोच्या त्रिकोणाची (पित्ताशयाची नळी आणि धमनी शोधायची ती जागा) वरची बाजू आधी सिस्टिक आर्टरी, म्हणजे पित्ताशयाची धमनी, सांगितली आणि पाच मिनिटांनी यकृताची कड. दोन्ही बरोबर निघालं: 1891 मध्ये कॅलोने आर्टरी धरली होती, आज आपण कड धरतो. पण ते कळायला पुस्तकच उघडावं लागलं. स्ट्रासबर्गचा 1995 चा 'क्रिटिकल व्ह्यू', म्हणजे क्लिप लावण्याआधी दिसायलाच हवं ते दृश्य, मात्र घोटून पाठ झाला. त्रिकोण साफ, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, नळी आणि धमनी.

सकाळी टेबलवर पन्नाशीच्या मावशी. आत सगळं चिकटलेलं. जाळून कापणाऱ्या हुकचा धूर, लेन्सवर वाफ, कॅमेरा धरलेला ज्युनिअर नाइट करून आलेला. पाऊण तासाने पडद्यावर दोन नळ्या दिसल्या, मध्ये यकृताचा लालसर तुकडा.

"सर, व्ह्यू मिळाला. क्लिप लावू?"

सिस्टरने अ‍ॅप्लायर पुढे केलासुद्धा.

"आता मागून दाखव."

हार्टमन पाउच (पित्ताशयाच्या मानेजवळचा फुगवटा) उचलून आतल्या बाजूला वळवला. मी जिला सिस्टिक आर्टरी म्हणत होते ती बऱ्यापैकी जाड होती, उडत होती, आणि पित्ताशयाला जेमतेम टेकून परत यकृताकडे वळत होती. सुरवंटाच्या पाठीसारखा बाक. उजवी हिपॅटिक आर्टरी! खरी सिस्टिक त्या बाकावरून निघालेली, आखूड, दोऱ्याएवढी.

"मोयनिहॅनचा हंप," सर म्हणाले. आवाज नेहमीचाच. माझे हात मात्र गार पडले होते. क्लिप लावून कापलं असतं तर यकृताच्या उजव्या भागाची मुख्य धमनीच गेली असती. पुढचा अर्धा तास दोऱ्याएवढ्या त्या आर्टरीभोवती जागा करण्यात गेला. क्लिप बसेपर्यंत सर एक शब्द बोलले नाहीत.

गंमत म्हणजे हंपचा प्रश्न रात्री आला होता. मी व्याख्येसकट उत्तर दिलं होतं आणि 'अगदी बरोबर!' अशी शाबासकीही मिळवली होती.

चहाला सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग त्याला कळव, तुला काय दिसलं ते."

रात्री कळवलं. बिचाऱ्याने माझीच माफी मागितली.