वाढ काय अठराव्या वर्षी थांबते?

बीएडला होते तेव्हा आमच्या नोट्समध्ये विकास म्हणजे शैशव, बाल्य, किशोरावस्था आणि मग थेट परीक्षा. १८ पूर्ण झाली की माणूस तयार, पुढची पन्नास-साठ वर्षं तो नुसता म्हातारा होत जातो असाच एकंदर सूर. नंतर पॉल बाल्टेस ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं वाचलं आणि ते खूळ डोक्यातून गेलं एकदाचं. त्याचं म्हणणं असं की विकास जन्मापासून मरेपर्यंत चालूच असतो, आणि कुठलंही वय घ्या, काहीतरी कमावणं आणि काहीतरी गमावणं दोन्ही एकाच वेळी चाललेलं असतं. लहानपणी कमाई जास्त, म्हातारपणी गळती जास्त, पण नुसतं एकच कधी नसतं.

आता बाळ काय गमावणार? मलाही तेच वाटलेलं. तर जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस ह्यांचा १९८४ मधला कॅनडातला अभ्यास आहे, इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला, आणि दहा-बारा महिन्यांच्यांना जवळजवळ कुणालाच नाही! म्हणजे वर्षाच्या आतच कान घरच्या भाषेला जुळवून घेतात आणि बाकीचं सोडून देतात. कळंगुटला आलेला फिरंगी 'तांबडी सुर्ला' म्हणायला जातो आणि 'टांबडी' करतो त्याला मी आता हसत नाही (हसते, पण कमी).

मग पियाजे, पोरांचा विचार टप्प्याटप्प्याने वाढतो म्हणणारा स्विस मानसशास्त्रज्ञ. त्याचा पाण्याचा प्रयोग बीएडवाल्या प्रत्येकाला पाठ असतो, मी तो पाच वर्षांच्या भाच्यावर सोलकढी घेऊन केला. दोन सारखे स्टीलचे पेले, दोन्हींत सारखी कढी, "सारखी ना?" "हो आत्या." मग त्याच्या डोळ्यांसमोर एका पेल्यातली उंच बारीक ग्लासात ओतली. "आता?" "ह्यात जास्त." आणि जास्त आहे म्हणून लगेच तोच ग्लास उचलून पिऊनही टाकला, वर मिशी पुसत माझ्याकडे बघतोय. पियाजेच्या मते साधारण सातव्या वर्षापर्यंत पोरं एकाच गोष्टीकडे बघतात, इथे उंचीकडे, आणि ओतलेलं मनातल्या मनात परत पेल्यात ओतून बघणं त्यांना जमत नाही.

पण इथेच मजा आहे. १९७० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन ह्यांनी असाच प्रयोग सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगांचा केला, फक्त रांग मोठ्या माणसाने न बिघडवता एका खोडकर टेडी बेअरने येऊन बिघडवली, आणि बऱ्याच जास्त पोरांनी बरोबर सांगितलं की सोंगट्या तेवढ्याच आहेत. म्हणजे पोराला अक्कल होती, पण समोर मोठं माणूस मुद्दाम काहीतरी बदलून तोच प्रश्न परत विचारतं म्हटल्यावर त्याला वाटतं की आपलं आधीचं उत्तर चुकलं असणार. वर्गात "नक्की?" असं विचारून बघा, निम्मी पोरं उत्तर बदलतात. टप्पे वगैरे ठीक आहेत, पण प्रश्न कोण आणि कसा विचारतो ह्यावर इतकं अवलंबून असेल तर टप्प्यांचा तक्ता भिंतीवर लावून पोरांना त्यात बसवण्यात काय अर्थ आहे?

एरिक्सन ह्या मानसशास्त्रज्ञाचे १९५० मधले, जन्मापासून म्हातारपणापर्यंतचे आठ टप्पे आम्ही घोकलेले, त्यातला मधल्या वयाचा तेवढा मला खरंच पटतो, पुढच्या पिढीसाठी काहीतरी करणं नाहीतर साचून राहणं. आमचा काका जत्रेच्या नाटकाच्या तालमी घेतो, पदरचे पैसे घालून, रात्री बारा-बारापर्यंत. काकीला मी एरिक्सन समजावून सांगितला. काही फरक पडला नाही.

बाल्टेस मला जास्त आवडतो तो आजोबांमुळे. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाईनचं उदाहरण तो नेहमी द्यायचा. ऐंशीच्या घरात एवढं चांगलं कसं वाजवता असं विचारल्यावर त्याने सांगितलेलं, की एक तर रचना कमी निवडतो, त्यांचाच रियाज जास्त करतो, आणि जलद भागाच्या आधी मुद्दाम थोडं सावकाश वाजवतो म्हणजे पुढचं जलद आणखी जलद वाटतं. निवड, मेहनत, भरपाई. आमच्या आजोबांनी रुबिनस्टाईनचं नावही ऐकलेलं नाही. पण देवळातल्या भजनाला ते आता ठरावीक तीन-चारच अभंग घेतात, दुपारी पेटी काढून तेच तेच घोळवतात, श्वास पुरत नाही तिथे पखवाजवाल्याला मान हलवून खूण करतात, तो तुकडा भरतो आणि तोवर बुवांचा दम परत आलेला असतो. बसलेल्या लोकांना वाटतं काय सुंदर जागा सोडली!

आणि शेवटचं, लॉरा कार्स्टेन्सन ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. म्हातारी माणसं गोतावळा कमी करतात, जवळच्यांनाच धरून राहतात. आपण म्हणतो एकलकोंडी झाली. तिचं म्हणणं, हे वयामुळे नाही, आता वेळ कमी उरला आहे ह्या जाणिवेमुळे. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे जायच्या आधी तिथल्या तरुणांमध्येही हाच कल दिसला, हस्तांतर झालं आणि नंतर तो गेला. माझा चुलतभाऊ २४ चा, एरवी बाहेरच उंडारणारा, जेफ्री आर्नेटने २००० मध्ये १८ ते २५ चा जो धड पोर नाही धड मोठा नाही असा वेगळा टप्पा सांगितला त्याचा चालताबोलता नमुना. शिपवर नोकरीला जायच्या आधीच्या आठवड्यात मात्र त्याने सगळ्या पार्ट्यांना नाही म्हटलं आणि रोज घरी, आईच्या हातचं हुमण आणि आजोबांशी गप्पा. मित्रांना वाटलं, शिप लागलं तर ह्याला माज आला.