तिचा आजार, तिचा अहवाल

माझ्या डाव्या स्तनातील गाठ कर्करोगाची आहे, हे घरात सर्वांत शेवटी मला कळले. यजमानांना आणि दिरांना डॉक्टरांनी आत बोलावले, आणि बाहेर बाकावर बसलेल्या मला ‘साधी गाठ आहे, काढून टाकतील’ एवढेच सांगण्यात आले. त्यांनी ते मायेपोटी केले. तरीही शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीचा विषय निघाला तेव्हा मी जेवढी घाबरले, तेवढी गाठ हाताला लागली त्या दिवशीही घाबरले नव्हते.

उपचार संपून आता सहा वर्षे झाली. आठवड्यातून दोन दिवस मी रुग्णमित्र म्हणून रुग्णालयात बसते. औषध सुचवण्याचा मला अधिकार नाही आणि मी ते कधीही करत नाही. मी आजारी बाईच्या शेजारी बसून तिचाच अहवाल तिला उलगडून सांगते. ईआर आणि पीआर, म्हणजे गाठीच्या पेशींमधील संप्रेरकांना (हार्मोन्सना) प्रतिसाद देणारे ग्राहक, पॉझिटिव्ह असतील तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षे घ्यावी लागू शकते, आणि केमो संपली म्हणून ती बंद करायची नसते. हर-टू पॉझिटिव्ह असेल, म्हणजे त्या नावाचे प्रथिन गाठीच्या पेशींवर जास्त असेल, तर ट्रास्टुझुमॅबचे महागडे इंजेक्शन लागू शकते. म्हणून महात्मा फुले जन आरोग्य या सरकारी योजनेच्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयातील मदतनीसाकडे, रेशनकार्ड घेऊन आधीच जावे लागते. काखेतील गाठी काढलेल्या बाईला भिंतीवर बोटे चढवत नेण्याचा व्यायाम मी स्वतः करून दाखवते, कारण हात सुजतो तेव्हा बांगडीही चढत नाही, हे मी भोगले आहे.

परळच्या टाटा रुग्णालयात अशा सोबतीचे रीतसर प्रशिक्षण दिले जाते आणि त्याला ‘केवट’ असे नाव आहे. रामाला गंगेपार नेणाऱ्या नावाड्याचे ते नाव मला फार योग्य वाटते.

गेल्या महिन्यात एक तरुण मला बाजूला घेऊन म्हणाला, “मावशी, आईला काही सांगू नका.” मी त्याला विचारले, “अरे, उद्या सलाईनमधून लाल औषध चढेल, दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतील, तेव्हा काय सांगशील?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्यानेच तिला सांगितले. ती रडली, डोळे पुसले आणि तिने विचारले, “कापूस वेचणीच्या आत संपेल का?” आम्ही तिघांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखा मोजायला घेतल्या.